बहुतेक टोमॅटो

मार्चात परडं ऐकत नाही.
आज दोन पाट्या तोडल्या, की उद्या तीन.
बाजारात न्यावं तर टेम्पोचं भाडं निघत नाही,
आणि आंबेवाडीत वाटायला जावं
तर ज्याच्या त्याच्या दारात आधीच टोमॅटो.

म्हणून रविवारी चूल बाहेर.
लग्नातला टोप, तळाला माझी जुनी विजार घडी करून,
म्हणजे बाटल्या एकमेकींवर आपटत नाहीत.
बाटल्या म्हणजे काय, वर्षभरात जे साठलं ते:
जॅमच्या, कॉफीच्या, मधाच्या,
आणि दाजींनी पिशवीतून हळूच काढलेल्या सात क्वार्टरा.
"धुतल्यात की," म्हणाले.
आत्तीनं नुसतं बघितलं.
मग स्वतःच उकळत्या पाण्यात बुडवल्या. दोनदा.

आप्पा एसटीच्या वर्कशॉपात अडतीस वर्षं.
झाकण हा त्यांचा विषय.
"आत्ताच गच्च नको. पाव आटा सोड.
आतली वाफ भाईर पडू दे,
मग आवळ."
माणसांबद्दल ते एवढं कधी बोलले नाहीत.

आई चाळणीवर गर दाबते, कोपरापर्यंत लाल.
बायको मिरच्यांची देठं खुडते
आणि विसरून डोळ्याला हात लावते.
मी शिरोलीहून रात्रपाळी करून आलेलो,
फौंड्रीतला, म्हणून मलाच जाळापुढं बसवलं:
तुला काय, सवय हाय.

राजनंदिनी चौथीत. तिच्याकडं लेबलं.
वहीची पानं, कणकेची खळ,
आणि अक्षर असं की झाकणापेक्षा घट्ट:
"टोमॅटो. चिरले आत्तीआज्जीने. झाकण आप्पा."
"मिरची सॉस. रडली मम्मी."
"टोमॅटो. बाबा झोपले होते."

संध्याकाळी सगळ्या बाटल्या टॉवेलवर.
गार होताना झाकण आत ओढलं जातं:
टक्.
आप्पा मोजत बसले. एक्केचाळीस झाली.
बेचाळिसावी बोलेना.
जेवणं झाली, दिवे मालवले,
आत्ती-दाजी गाडीवरनं गेली,
आणि अंधारात, कधीतरी साडेअकराला,
टक्.
"झाली," अंथरुणातनं आप्पा.

ऑगस्टात पंचगंगा उंबऱ्यात आली, मग खिडकीत.
आईनं बाटल्यांचं गाठोडं बांधलेलं.
बोटीतला पोरगा म्हणाला, "मावशी, फक्त माणसं."
आई माणसांकडं बघत राहिली, एकेक,
जणू कुणाला ठेवता येतंय का.
मग दाजी नि मी गाठोडं माळ्यावर चढवलं.

सोनतळीला अकरा दिवस.
त्यात कुणी बाटल्यांचं नाव काढलं नाही.

परत आलो तर पाण्याची रेघ
माळ्याच्या दोन बोटं खाली.
गाठोडं कोरडं, पण ओल आत शिरलेली,
आणि लेबलं सगळी सुटून
तळाशी पडलेली, पानगळीसारखी.
रडली मम्मी, झोपले बाबा,
कुठल्या बाटलीतले, कळायला मार्ग नाही.
काचेतनं बघावं तर सगळंच तांबडं.

आप्पा खाली बसले, गुडघाभर चिखलाच्या घरात,
आणि प्रत्येक झाकणावर अंगठा दाबला.
तीन हलली. ती परड्यात पुरली.
एकोणचाळीस धड.
"पाव आटा," एवढंच म्हणाले, स्वतःशी.

चिखल उपसायला भावकी आलेली, शेजारची गुलशन वहिनी,
दोन कॉलेजची पोरं, नाव न सांगितलेली.
आत्तीनं पातेल्यात गूळ टाकला, जिरं टाकलं,
टोमॅटोचं सार म्हणून जॅमची एक अख्खी बाटली ओतली.

पहिल्या घोटाला दाजी उभेच राहिले.
गुलशन वहिनीच्या नाकातनं पाणी.
पोरं खोकत, हसत, भिंतीला हात लावत,
आणि भिंत अजून ओलीच.
तिथंच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा,
आई रडली. मिरचीनं रडली,
असं सगळ्यांनी ठरवलं.

रात्री राजनंदिनीनं नवी वही मागितली.
वह्या वाहून गेलेल्या. मग औषधाच्या कागदावर,
पाठीमागच्या कोऱ्या बाजूला,
जीभ दाताखाली धरून, एकोणचाळीस वेळा लिहिलं:
"बहुतेक टोमॅटो."